स्कँडिनेव्हिया १९७४, दीड तासात: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

ठरलं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल बुक केलाय. दीड तास बसून ऐकायचं, मधे मधे मी मराठीत बोलणार. विषय स्कँडिनेव्हियातलं एकच वर्ष, १९७४. ऐकणारे म्हणजे स्टॉकहोममधले आपले लोक, बहुतेक आयटीवाले, त्यांच्याकडे आलेले आईवडील, आणि दोनचार स्वीडिश शेजारी ज्यांना मराठी कळणार नाही पण बटाटेवडा कळतो. यातल्या बऱ्याच जणांचं स्वीडिश संगीत म्हणजे अ‍ॅबा आणि मग मधली सगळी वर्षं गाळून एकदम अविची.

मित्राला सांगितलं तर म्हणाला, "अरे सरळ दोन भाग कर ना, आधी पॉप, मग चहा, मग क्लासिकल. ज्यांना कटायचंय ते चहा पिऊन कटतील." नाही करायचं तसं. कॅलेंडरप्रमाणे जायचं, फेब्रुवारीत जे झालं ते फेब्रुवारीत, मग ते अ‍ॅबा असो नाहीतर सिंफनी. कारण मला नेमकं हेच ऐकवायचंय की त्या वर्षी पॉप आणि क्लासिकल एकमेकांपासून आपल्याला वाटतं तेवढे लांब नव्हतेच, माणसं बऱ्यापैकी तीच, खोल्या त्याच, रेडिओ टीव्ही तोच एक, पैसे गोळा करणारी संस्थाही तीच. भांडण जोरात होतं पण ते दुसऱ्याच रेषेवर होतं.

२० जानेवारी, शनिवार

शीट बनवली. कॉलम: तारीख, देश, काय झालं, काय वाजवायचं, किती मिनिटं. शेवटचा कॉलम सगळ्यात त्रासदायक ठरणार हे आत्ताच दिसतंय.

फिनलंडचं काय करायचं हा प्रश्न बायकोने काढला. ऑफिसातले फिनिश लोक स्वतःला नॉर्डिक म्हणतात, स्कँडिनेव्हियन म्हटलं की तोंड वाकडं करतात, त्यामुळे फिनलंड बाहेर. हरिकेन्सचा रोडरनर अल्बम हातचा जातोय याचं वाईट वाटतंय, १९७४ चाच आहे आणि दणदणीत आहे. असो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, बास.

२८ जानेवारी, रविवार

दुपारी कार्लबर्गस्वेगन ५७ ला जाऊन आलो. थंडी मरणाची, फुटपाथवर बर्फाचा काळा चिखल, फोटो काढायला ग्लोव्ह काढला की बोटं गेलीच. इथे मेट्रोनोम स्टुडिओ होता, जुन्या सिनेमा थिएटरच्या जागेत, नंतर त्याचं नाव अ‍ॅटलांटिस झालं. १७ डिसेंबर १९७३ ला इथे अ‍ॅबाचं 'वॉटर्लू' रेकॉर्ड झालं. जवळच सांक्त एरिक्सगाटनवर जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं आहेत, तिथे बोटं गरम करायच्या निमित्ताने तासभर गेला आणि थोडे पैसेही गेले.

स्टुडिओबद्दल कार्यक्रमात काय सांगायचं ते लिहून ठेवतो. गाणं पावणेतीन मिनिटांचं. इंजिनिअर मिकाएल ट्रेटोव्ह. त्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या फिल स्पेक्टरचा आवाज बसलेला, म्हणजे खोलीत ढीगभर वादक भरायचे आणि सगळ्यांनी एकदम वाजवायचं. स्टॉकहोममधे तेवढे वादक घ्यायला पैसे कुठून आणणार, मग ह्याने काय केलं तर तेच वादक, तोच भाग, पुन्हा एकदा वाजवून घेतला आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलला. किंचितच. दोन्ही थर एकमेकांवर बसले की सूर अगदी केसभर वेगळे पडतात आणि कान फसतो, वाटतं खूप माणसं वाजवतायत. हे आधी त्यांच्याच 'रिंग रिंग' या गाण्याला करून पाहिलं होतं. गिटार यान्ने शाफर, बास रुटगर गुन्नारसन, ड्रम्स ओला ब्रुंकर्ट.

हे हॉलमधे दाखवता येईल. तानपुऱ्याचा एक ट्रॅक घ्यायचा, कॉपी करायचा, कॉपीचा वेग अर्धा टक्का वाढवायचा, दोन्ही एकत्र लावायचे. ऑडॅसिटीत करून बघितलं, दहा सेकंदात कळतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

काल ९ फेब्रुवारी होती. १९७४ ला याच तारखेला अ‍ॅबा स्वीडनची मेलोडीफेस्टिवालेन, म्हणजे युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची इथली निवड फेरी, जिंकले, स्वीडिशमधे गाऊन. त्यानंतर सहा दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, याच शहरात कुर्ट आत्तरबर्ग वारला, वय ८६.

हा माणूस मला कसा सापडला ते सांगतो. हॉलमधे लोकांना जमवून रेकॉर्डेड म्युझिक वाजवायचं तर स्टिमचा परवाना लागेल का हे बघत होतो. स्टिम म्हणजे इथली संगीतकारांची हक्कांची संस्था, कोणाचंही काहीही कुठेही वाजलं की पैसे गोळा करून संगीतकारापर्यंत पोचवणारी. फॉर्म भरला, पैसे भरले, आणि मग सहज वाचत बसलो की ही काढली कोणी. १९२३ मधे काही संगीतकारांनी मिळून, त्यात आत्तरबर्ग, आणि पुढच्या वर्षापासून १९४३ पर्यंत अध्यक्षही हाच. सिंफन्या लिहिणारा माणूस, ऑर्केस्ट्रा चालवणारा, पेपरात समीक्षा लिहिणारा, आणि हे सगळं करताना पोटापाण्याची नोकरी कुठे, तर स्वीडनच्या पेटंट ऑफिसात! इंजिनिअर होता. १९१२ ला लागला आणि १९६८ पर्यंत तिथेच. आमच्या ऑफिसात संध्याकाळी तबल्याच्या क्लासला पळणारे लोक आहेत, त्यांना हे आवडणार.

१९२८ मधे शुबर्टच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने स्पर्धा ठेवली, बक्षीस १०,००० डॉलर. आत्तरबर्गच्या सहाव्या सिंफनीने ते मारलं आणि तिला डॉलर सिंफनी असं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसरी मूव्हमेंट मुद्दाम टवाळी करणारी आहे असं तो नंतर सांगायचा. ऐकलं तर पटतं, मधेच शुबर्ट डोकावतो आणि लगेच ढकलला जातो.

दुसरी बाजू पण आहे, त्याचे नाझी जर्मनीतल्या संगीतवर्तुळाशी घसटीचे संबंध होते, युद्धानंतर १९४७ मधे स्वीडनच्या संगीत अकादमीने चौकशी केली आणि ठोस काही निष्पन्न झालं नाही. हे निवेदनात एका वाक्यात येणार, गाळणार नाही.

तर पहिले दोन तुकडे पक्के: स्वीडिश 'वॉटर्लू' आणि लगेच डॉलर सिंफनीचा शेवट, चार मिनिटं. त्या वर्षी अ‍ॅबाची गाणी लिहिणाऱ्या बेन्नी आणि ब्यॉर्नचे जे पैसे स्टिममधून आले त्या दुकानाची पाटी या म्हाताऱ्याने लावलेली, हे एक वाक्य मधे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज एक धागा हाती लागलाय, त्याचा आनंद जास्त आहे की तो किती लांब जातो याची धास्ती जास्त, कळत नाहीये.

मुलीने विचारलं, "बाबा, अ‍ॅबा इथे स्वीडिशमधे गायले आणि तिकडे युरोव्हिजनला इंग्लिशमधे, असं चालतं?" १९७४ ला चालत होतं. पण का चालत होतं ते शोधत गेलो तर १९६५ ला पोचलो. त्या वर्षी युरोव्हिजनला स्वीडनने पाठवला ऑपेराचा बॅरिटोन, इंगवार विक्सेल. गाण्याला संगीत डाग वीरेनचं, म्हणजे तंतुवाद्यांसाठी ती प्रसिद्ध सेरेनेड लिहिणारा, पक्का क्लासिकलवाला. शब्द कवी आल्फ हेनरिकसनचे. गाण्याचं स्वीडिश नाव 'आनोरस्टेडेस वाल्स', पण विक्सेलने नेपल्सच्या स्टेजवर ते इंग्लिशमधे गायलं. बाकीचे देश भडकले, आणि १९६६ पासून नियम आला की प्रत्येकाने आपापल्या भाषेतच गायचं. १९७३ मधे तो नियम सैल केला. म्हणून १९७४ ला अ‍ॅबा इंग्लिशमधे गाऊ शकले.

म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पॉप ग्रुपला इंग्लिशमधे गायची मुभा होती की नव्हती याच्या मुळाशी एक सिंफनीवाला, एक ऑपेरावाला आणि एक कवी. मित्राला व्हॉट्सअ‍ॅप केलं, वर लिहिलं, आता कर दोन भाग. त्याने फक्त अंगठा पाठवला.

वीरेनच्या सेरेनेडचा मार्च शीटमधे घातला. ते १९३७ चं आहे, १९७४ चं नाही. नियम माझेच आहेत.

३ मार्च, रविवार

६ एप्रिल १९७४ चा दिवस वेगळा काढून लिहितोय कारण एकाच तारखेत इतकं कोंबलंय की मलाच खरं वाटेना, म्हणून परत तपासलं.

त्या शनिवारी बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पहिल्या नंबरवर होतं 'हुक्ड ऑन अ फीलिंग', बँड ब्लू स्वीड, गायक ब्यॉर्न शिफ्स. अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचलेला पहिला स्वीडिश ग्रुप हा, अ‍ॅबा नव्हे. गाणं मूळचं अमेरिकन, बी. जे. थॉमसचं १९६८ चं, आणि ती सुरुवातीची उगाचका उगाचका ही भानगड १९७१ ला जोनाथन किंगने घातलेली, ह्यांनी ती उचलून डबल जोरात म्हटली. आपल्याकडे पोरांना हे गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीमुळे माहितीये. हॉलमधे नाव न सांगता लावणार, पहिल्या दोन सेकंदात सगळी पोरं ओरडणार याची मला खात्री आहे.

आणि त्याच संध्याकाळी इंग्लंडात ब्रायटनच्या डोममधे युरोव्हिजन. सतरा देश. फ्रान्सने माघार घेतलेली कारण राष्ट्राध्यक्ष पोंपिदू २ एप्रिलला वारले होते. स्वीडनच्या वेळेला कंडक्टर स्वेन ओलोफ वाल्डॉफ नेपोलियनचा वेष करून आला, ऑर्केस्ट्रातले लोक हसले असतील नाहीतर काय. स्वीडनला २४ मतं, इटलीच्या जिल्योला चिंक्वेत्तीला १८. फिनलंड आणि स्वित्झर्लंडने स्वीडनला पाच पाच दिली, यजमान ब्रिटनने शून्य. त्याच ब्रिटनमधे मे महिन्यात 'वॉटर्लू' दोन आठवडे एक नंबरला! ज्युरी आणि जनता यांचं जमत नाही ही काही फक्त आपल्याकडच्या रिअ‍ॅलिटी शोंची गोष्ट नाही.

नॉर्वेचं मात्र वाईट झालं. आने कारीने स्ट्रम आणि बेंडिक सिंगर्स, मतं तीन, पोर्तुगाल, जर्मनी, स्वित्झर्लंडबरोबर शेवटचा नंबर विभागून. डेन्मार्क तर स्पर्धेतच नव्हतं, १९६७ पासून बाहेर, परत आलं १९७८ ला.

१० मार्च, रविवार

पोर्तुगालची ती तीन मतं डोक्यातून जाईनात म्हणून आजची नोंद.

पाउलो द कार्व्हाल्योचं तेच पडेल गाणं २४ एप्रिल १९७४ च्या रात्री १०:५५ ला लिस्बनच्या रेडिओवर लागलं, आणि तो सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांना तयार व्हा असा इशारा होता. दुसऱ्या दिवशी हुकूमशाही कोसळली. शेवटच्या नंबरचं गाणं, कोणाला संशय येणार?

आता हे स्कँडिनेव्हियाच्या कार्यक्रमात कशाला? कारण २४ आणि २५ एप्रिल हे दोनच दिवस ऑस्लोत 'बिलाँगिंग' हा जॅझ अल्बम रेकॉर्ड होत होता. पियानोवर अमेरिकन कीथ जॅरेट, सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गारबारेक, बास स्वीडनचा पाले दानिएलसन, ड्रम्स नॉर्वेचा यून क्रिस्टेनसेन. निर्माता ईसीएम या जर्मन रेकॉर्ड कंपनीचा मानफ्रेड आयखर, इंजिनिअर यान एरिक कोंग्सहाऊग. आणि जागा कोणाची, तर आर्ने बेंडिकसनचा स्टुडिओ! बेंडिकसन म्हणजे नॉर्वेतल्या पॉपचा बाप माणूस, १९६४ ला स्वतः युरोव्हिजनला गायलेला. नंतर अख्ख्या जगात नॉर्डिक जॅझचा थंड, मोकळा, लांबून आल्यासारखा जो आवाज प्रसिद्ध झाला तो बराचसा एका पॉपवाल्याच्या खोलीत घडला.

तसं बघितलं तर अल्बम स्वतः काही सगळा थंड नाहीये. 'लाँग अ‍ॅज यू नो यू आर लिव्हिंग युअर्स' लावा, पाय हलणारच. इतकं हलवणारं की स्टीली डॅन या अमेरिकन बँडने १९८० च्या 'गाउचो'त ते जवळपास उचललं आणि शेवटी जॅरेटचं नाव संगीतकारांत घालावं लागलं. सहा मिनिटांचं आहे, पूर्ण वाजवणार, यात कापाकापी नाही.

गारबारेकबद्दल आपल्या लोकांसाठी एक वाक्य: बारा वर्षांनी, डिसेंबर १९८६ ला, याच ऑस्लोत झाकिर हुसेन आणि हरिप्रसाद चौरसिया येऊन त्याच्याबरोबर आणि जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर 'मेकिंग म्युझिक' करून गेले. इंजिनिअर तोच, कोंग्सहाऊग. वाजवायचा मोह होतोय पण साल वेगळं, आणि माझे नियम मी वीरेनसाठी आधीच एकदा वाकवलेत.

१६ मार्च, शनिवार

आज भांडणाचा भाग. हा नीट जमला पाहिजे, कारण कार्यक्रमाचा कणा हाच आहे.

१९७४ ला स्वीडिश संसदेने सांस्कृतिक धोरण मंजूर केलं. त्यातल्या उद्दिष्टांपैकी एक असं की संस्कृतीच्या क्षेत्रात व्यापारीकरणाचे वाईट परिणाम रोखायचे. सरकारी कागदात, उघड उघड. आणि त्याच वर्षी ह्याच देशाने अ‍ॅबा जगाला दिला, ज्यांचा मॅनेजर स्टिग अँडरसन गाणं म्हणजे विकायची वस्तू हे लपवायच्या भानगडीत पडत नव्हता.

तर रेषा इथे होती. एका बाजूला पोलार म्युझिक, अँडरसनची कंपनी. दुसऱ्या बाजूला प्रोग म्हणतात ती चळवळ, इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉकशी तिचा फारसा संबंध नाही, हे डावे लोक, स्वतःची लेबलं काढणारे, वाक्सहोमचं एमएनडब्ल्यू, सायलेन्स वगैरे. गोथेनबर्गचं नाशुनालतेआतर्न हे तर मुळात नाटकमंडळ, त्यांचा 'लीवेत एर एन फेस्ट' १९७४ चा. नाटकासाठी लिहिलेली गाणी रॉक बँडसारखी वाजवायची, विषय कोणते तर उपनगरातली पोरं, ड्रग्ज, बेकारी. आपल्याकडे शाहिरी जलशांतून जे चालायचं त्याच जातीचं, फक्त डफाच्या जागी इलेक्ट्रिक गिटार.

ह्या लोकांना अ‍ॅबाचा जो राग होता तो आज वाचताना थोडा अतीच वाटतो, चकचकीत कपडे घालून प्रेमावर गाणं म्हणजे जणू कामगारांशी गद्दारी. पण मला तो राग पूर्ण वेडगळही वाटत नाही. एकच सार्वजनिक रेडिओ टीव्ही होता, पैसे लोकांचे, आणि अ‍ॅबा जिंकल्यामुळे १९७५ ची स्पर्धा स्टॉकहोमला भरवायची पाळी त्याच संस्थेवर आली. मार्च १९७५ ला प्रोगवाल्यांनी समोर आपला पर्यायी महोत्सव भरवला, आणि १९७६ ला तर स्वीडनने युरोव्हिजनमधे भागच घेतला नाही. जिंकल्यावर दोन वर्षांत गैरहजर!

सासरे साताऱ्याहून आलेत. त्यांना दोन्ही बाजू ऐकवल्या. ते म्हणाले, "जावईबापू, भांडण कळलं, पण आबांचं गाणं चांगलंय की हो." ते अ‍ॅबाला आबाच म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही.

डेन्मार्कसाठी गॅसोलिन हा रॉक बँड, 'स्टाकेल्स यिम', १९७४, किम लार्सनचा आवाज. दोन मिनिटं. जास्त बोलण्यासारखं नाही, वाजवायचं आणि पुढे.

२३ मार्च, शनिवार

आज दिवसभर पायथनमधे कोड लिहिणं. ऑफिसचं नाही, हे.

१९७४ चं नॉर्डिक कौन्सिलचं संगीत पारितोषिक डेन्मार्कच्या पेर नोरगोरला मिळालं, 'गिल्गामेश' या ऑपेरासाठी, सहा दिवस आणि सात रात्रींचं ऑपेरा असं त्याचं उपशीर्षक. ते दीड तासाच्या कार्यक्रमात कापून लावणं म्हणजे दोघांवर अन्याय. त्यापेक्षा लोकांना नोरगोरची अनंत मालिका ऐकवावी असं ठरवलं, कारण त्या वर्षी तो जी तिसरी सिंफनी लिहीत बसला होता (१९७२ ते ७५) तिच्यात ती आहे, आणि आमच्या लोकांना कोड कळतं.

नियम असा. जागा शून्यापासून मोजायच्या, पहिला आकडाही शून्य. कुठल्याही जागेवरचा आकडा घ्या. त्या जागेची दुप्पट केली की तिथे त्याच आकड्याचं चिन्ह उलटून येतं, आणि त्याच्या पुढच्या जागेवर तोच आकडा अधिक एक. बस एवढंच. निघतं ते असं: ०, १, −१, २, १, ०, −२, ३. आता प्रत्येक आकडा म्हणजे अर्धा सूर धरा आणि शून्याला सा. सा, कोमल रे, खालचा नी, शुद्ध रे, कोमल रे, सा, खालचा कोमल नी, कोमल ग. पेटीवर वाजवून बघितलं, चालतं, जरा तोडीच्या वाटेने गेल्यासारखं वाटतं आणि लगेच भलतीकडे वळतं.

खरी गंमत पुढे आहे. या ओळीतला दर चौथा सूर तेवढा वेचा, परत तीच ओळ मिळते, चौपट संथ. दर दुसरा वेचा, ओळ उलटी, वरचं खाली. म्हणजे एकाच ओळीत तीच ओळ वेगवेगळ्या लयीत एकाच वेळी चाललेली आहे, विलंबित आणि द्रुत एकत्र. मुलीच्या लॅपटॉपवर चार रंगांत आलेख केला, प्रत्येक चौथा ठिपका लाल. तो प्रोजेक्टरवर जाणार. त्याबरोबर १९६८ चं 'व्हॉयेज इंटू द गोल्डन स्क्रीन', दुसरी मूव्हमेंट, त्यात ही मालिका अगदी उघडी ऐकू येते. साल परत चुकतंय, हो, पण तिसरी सिंफनी पहिल्यांदा वाजलीच मुळात १९७६ ला.

१ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. आज स्वीडिश सिंफनीवाला आलान पेट्टरसन. हे टाळत होतो, कारण हे ऐकायला जड आहे आणि सणासुदीला घरात लावलं तर बायको दार लावून घेते.

माणूस १९११ चा, बालपण स्टॉकहोमच्या सॉडरमाल्म भागात. आज तिथे कॉफी महाग आणि फ्लॅट त्याहून महाग, तेव्हा तिथे गरिबी, दारूडा बाप, खिडक्यांना गज. व्हायोला वाजवून पोट भरायचा. मग संधिवाताने हात गेले. १९६८ ला कंडक्टर आंताल डोराटीने सातवी सिंफनी वाजवली आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एकदम नाव झालं. पाठोपाठ १९७०-७१ ला किडनीच्या आजाराने नऊ महिने कारोलिन्स्का हॉस्पिटलात, तिथे दहाव्या आणि अकराव्या सिंफनीची सुरुवात.

आणि १९७३-७४ ला बारावी, कोरससाठी, उपसाला विद्यापीठाला १९७७ ला पाचशे वर्षं होणार होती त्या सोहळ्यासाठी. विद्यापीठाला बहुधा काहीतरी उत्सवी हवं असणार. ह्याने शब्द निवडले चिलीचा कवी पाब्लो नेरुदाचे, १९४६ ला चिलीची राजधानी सांतियागोच्या चौकात गोळीबारात मेलेल्या लोकांवरचे. नाव, चौकातले मृत. लिहिण्याच्या काळातच सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि बारा दिवसांनी नेरुदा गेला.

इथे माझी रेषा जुळते. प्रोगवाले हूला बांदूला बँड १९७५ च्या अल्बमवर व्हिक्टर हारावर गाणं करतात, तोही त्याच चिलीत मारला गेलेला गायक. म्हणजे चिलीचा विषय एका टोकाला रॉक बँडकडे आणि दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावरून लिफ्ट नसल्यामुळे खाली उतरू न शकणाऱ्या आजारी सिंफनीवाल्याकडे. पेट्टरसन चळवळीतला नव्हता, कोणाच्याच गटातला नव्हता, माझ्यासाठी लिहू नका माझ्यासाठी बोलू नका असला माणूस. तरी बाजू तीच.

चार मिनिटं घेणार. कोरस पहिल्यांदा येतो तिथून.

७ एप्रिल, रविवार

काल अ‍ॅबाची पन्नाशी. टीव्ही, पेपर, दुकानातले स्पीकर, सगळीकडे तेच. ऑफिसातल्या एकाने विचारलं तुझा कार्यक्रम कालच का नाही ठेवलास. म्हणूनच नाही ठेवला.

दिवस आवाजाच्या पातळ्यांत गेला. 'वॉटर्लू' पहिल्या सेकंदापासून छताला टेकलेलं, पेट्टरसनचे तंतुवाद्यांचे भाग इतके हळू की फ्रीजचा आवाज जास्त येतो. सगळं एका पातळीवर आणणारं बटण असतं, पण ते दाबलं तर पेट्टरसनचा मुडदा पडतो, त्याचा सगळा जोर हळूमधून मोठ्यात जाण्यातच आहे. उपाय: पॉप तीन डेसिबल खाली, क्लासिकलला हात नाही, आणि पेट्टरसनच्या आधी हॉलचा पंखा बंद करायला एक माणूस नेमायचा. सासऱ्यांना हे काम दिलं, खूश.

१४ एप्रिल, रविवार

काल इथल्या मंडळींचा पाडवा झाला, श्रीखंड खाऊन सुस्ती, तरी संध्याकाळी घरी रंगीत तालीम. दोन तास पाच मिनिटं. पस्तीस मिनिटं कापायचीत.

गेलं ते: गायक टेड गेर्डेस्टाड (वाईट वाटलं, पोलारचाच मुलगा, मागे बेन्नी-ब्यॉर्न आणि दोघी बायका), साम्ला मामास मान्ना हा बँड, आत्तरबर्गची दोन मिनिटं, माझी बडबड जवळपास निम्मी. बायको म्हणाली बडबड अजून निम्मी कर. करतोय.

२१ एप्रिल, रविवार

शेवट सापडत नव्हता. वर्ष संपतं ३१ डिसेंबरला, पण त्या तारखेला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग सिनेदिग्दर्शक इंगमार बर्गमन. १९७४ भर त्याच्या 'ट्रोलफ्लॉयतेन'चं काम चाललं होतं, मोझार्टची जादूची बासरी, टीव्हीसाठी. ड्रॉटनिंगहोमचं अठराव्या शतकातलं थिएटर शूटिंगला फार नाजूक म्हणून त्याचं स्टेज स्टॉकहोमच्या फिल्महूसेट स्टुडिओत तसंच्या तसं उभारलं. संगीत आधी रेकॉर्ड, मग पडद्यावर ओठ हलवायचे, म्हणजे आपल्या प्लेबॅकचीच पद्धत, फक्त आवाज आणि चेहरा त्याच माणसाचा. कंडक्टर एरिक एरिकसन, पापागेनो या पक्षी पकडणाऱ्याच्या भूमिकेत हॉकान हागेगोर्ड. दाखवलं १ जानेवारी १९७५ ला, स्वीडिश रेडिओला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. पैसे सार्वजनिक, प्रेक्षक अख्खा देश, आणि विषय ऑपेरा. सांस्कृतिक धोरणाला ह्याहून चांगली जाहिरात सुचली नसती.

टायटल्स बघत होतो, मोझार्टचं हे सगळं स्वीडिशमधे गायलंय तर स्वीडिश शब्द कोणाचे. आल्फ हेनरिकसन. तोच, १९६५ च्या युरोव्हिजन गाण्याचा कवी!

शीट परत उघडली. वीरेनचा मार्च सुरुवातीला होता तो तसाच ठेवला, पण हेनरिकसनचं नाव तिथे नुसतं घ्यायचं, जोर द्यायचा नाही. शेवटी पापागेनो.

२८ एप्रिल, रविवार

झाला काल. दीड तासाचे पावणेदोन झाले. हॉल भरला, खुर्च्या कमी पडल्या, पोरं खाली सतरंजीवर.

उगाचकाला पोरं ओरडली, ठरल्याप्रमाणे. नोरगोरचा आलेख बघून दोन जणांनी तिथेच फोनवर कोड लिहायला घेतला आणि पुढचं काहीच ऐकलं नाही, हा धोका माझ्या लक्षात यायला हवा होता असं बायकोचं मत. बिलाँगिंगला सगळ्यात चांगली दाद, एक मावशी डोळे मिटून ताल धरत होत्या, नंतर कळलं पुण्यात वर्षानुवर्षं सवाई गंधर्वला जाणाऱ्या. पेट्टरसनला सासऱ्यांनी पंखा बंद केला, तो कार्यक्रम संपेपर्यंत बंदच राहिला आणि हॉलची भट्टी झाली. चार मिनिटांत तिघं चौघं बाहेर गेले. बाकीचे हलले नाहीत. मला चार मिनिटं कमी वाटली, मित्राला जास्त.

तळमजल्यावरच्याच शेजारच्या आजोबांनी, मराठी एक अक्षर कळत नसताना, संपल्यावर येऊन नाशुनालतेआतर्नबद्दल वीस मिनिटं ऐकवलं. ते तेव्हा प्रोगवाले होते, युरोव्हिजनच्या विरोधात १९७५ ला मोर्च्यात चाललेले. मग वडा खाता खाता म्हणाले की घरी अ‍ॅबाच्या सगळ्या रेकॉर्ड आहेत, बायकोच्या.

कामं राहिलीत: हॉलची किल्ली परत, प्रोजेक्टर ऑफिसात परत, पायथनची फाइल ग्रुपवर टाकणे, मावशींना गारबारेक आणि झाकिरभाईंच्या अल्बमची लिंक. बाराव्या सिंफनीचं पूर्ण रेकॉर्डिंग कोणीतरी मागितलंय, कोणी ते आठवत नाहीये, ग्रुपवर विचारायला हवं.